ताई, मी कथलाचे शिपाई जमवतो

पत्र आलंय जर्मनीतल्या एर्लांगनहून. बरंच मोठं आहे, थोडं कापून देते.

"ताई, मी मूळचा साताऱ्याजवळचा, इथे येऊन पाच वर्षं झाली. घरात मी, बायको आणि सात वर्षांची मुलगी. दोन वर्षांपूर्वी न्यूर्नबर्गच्या ट्रेम्पेलमार्क्टमध्ये एका आजींच्या टेबलावर पातळ लाकडी सालीची लंबगोल डबी दिसली, आत टिश्यूत गुंडाळलेले कथलाचे चपटे शिपाई. घेतले, आणि तेव्हापासून वेडच लागलं. आज चारशेच्या आसपास आहेत, महिन्याला साठ-सत्तर युरो जातात. महिन्यातून एका संध्याकाळी इथल्या जमवणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींबरोबर बसतो, माझं जर्मन खरं तर तिथेच सुधारलं. बायको म्हणते डायनिंग टेबल कधी मोकळं मिळणार, आणि परवा म्हणाली, 'तुझं काय, तुझं जमलंय इथे.' वडील आर्मीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत. त्यांना कळल्यावर हसले, म्हणाले आम्ही खरी पलटण बघितली, तू खेळण्यातली बघ. आई म्हणते मजा आहे बाबा तुमची. खरं सांगू, मला इथे बरं वाटतं. रविवारची सायकल, सकाळची बेकरी, संध्याकाळी रंगवत बसणं. पण हे घरी सांगायची हिंमत होत नाही, गिल्टी वाटतं. आता एक जण हिटलरच्या काळातले शिपाई स्वस्तात देतो म्हणतोय. घेऊ का? की हे सगळंच बंद करून टाकू? – एर्लांगनचा मावळा"

अरे मावळ्या, बंद वगैरे काही करू नकोस. पण तुझ्या पत्रात एका प्रश्नाच्या पोटात चार प्रश्न आहेत आणि चारीची उत्तरं वेगळी आहेत, तेव्हा जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बस.

मी स्वतः तुझ्या शेजारच्याच गावात, फ्युर्थला, अकरा वर्षं काढली, त्यामुळे तुझं पत्र वाचताना रेग्नित्झच्या कडेचा तो सायकलचा रस्ता डोळ्यापुढे आला. पहिली तीन वर्षं मी कशी राहिले माहितीये का, एस्टी स्टँडवर माणूस सामान मांडीवर घेऊन बसतो ना, गाडी कधीही लागेल म्हणून, तशी. कपाटावरच्या बॅगा कधी माळ्यावर टाकल्या नाहीत, कुंडी घेतली नाही कारण जायचंच आहे, चांगला कुकर सांगलीहून आणला होता तो खोक्यातच, वापरायला एक हलकं पातेलं. कुणी विचारलं कसं चाललंय तर "चाललंय". त्या तीन वर्षांतलं मला आज फारसं काही आठवत नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ती वर्षं माझीच होती, कुणी परत देणार नाही.

त्यामुळे तू दोन वर्षांत तिथल्या म्हाताऱ्यांच्या टेबलावर जाऊन बसलास, त्यांची भाषा त्यांच्याच आवडीच्या विषयातून शिकलास, हे मला फार मोठं वाटतं. आणि तू जमवतोयस ते काय साधं नाही, अरे ते त्या मातीतलंच आहे. न्यूर्नबर्ग हे कथलाच्या शिपायांचं माहेर. हिल्पर्ट नावाच्या कथीलकाम करणाऱ्या कारागिराने १७७० च्या दशकात तिथे हे चपटे शिपाई काढायला सुरुवात केली, त्याने केलेला घोड्यावरचा प्रशियाचा फ्रेडरिक राजा १७७७ चा आहे. पुढे हाइनरिक्सनने १८४८ मध्ये ३० मिलिमीटरची उंची ठरवून टाकली, म्हणून आज तुझ्या डबीतला जुना शिपाई आणि परवा ओतलेला नवा शिपाई एका रांगेत उभे राहू शकतात. तेव्हा हे डझनावर नाही, वजनावर विकायचे, पाव पौंड, अर्धा पौंड, त्या तुझ्या लाकडी डबीतच भरून.

मी एकदा एका जत्रेत ओतकाम बघितलं होतं. पाटीच्या दगडाचे दोन तुकडे, एकावर शिपायाची पुढची बाजू उलटी कोरलेली, दुसऱ्यावर पाठ. दोन्ही जुळवून धरायचे, वरच्या भोकातून पळीने वितळलेला धातू ओतायचा, काही सेकंद थांबायचं आणि उघडायचं. आत तो चकचकीत उभा. मला एकदम आमच्या गल्लीतला कल्हईवाला आठवला, नवसागराचा तो धूर आणि कापसाचा बोळा फिरवला की पातेल्यात उजळणारं कथील, अगदी तीच झळाळी. ओतणाऱ्या बाईंनी अजून कोमट असलेला एक ढोलवाला माझ्या तळहातावर ठेवला, तमालपत्राएवढा पातळ, पण ढोलाच्या दोऱ्यासुद्धा मोजता येतील असा. तेव्हा तुझं वेड मला कळतं, समजावून सांगायची गरज नाही.

कुल्मबाखला गेलास का अजून? नसशील तर पहिल्या मोकळ्या शनिवारी जा, बायको-मुलीला घेऊन जा, रिजनल ट्रेनने होतं. वर टेकडीवर प्लासेनबुर्गचा किल्ला आहे आणि किल्ल्यात कथलाच्या बाहुल्यांचं म्युझियम, तीन लाखांहून जास्त आकृत्या. एक देखावा आहे, १५५३ मध्ये ते गाव जाळलं गेलं त्याचा, त्यात १९,३८५ आकृत्या आहेत, मी काचेला नाक लावून पाऊण तास उभी होते. आणि दर दोन वर्षांनी ऑगस्टात तिथे मोठा बाजार भरतो, लांबलांबून लोक येतात. पण मी तुला तिथे पाठवतेय ते लढायांसाठी नाही. तिथे बाजार आहेत, शेतकरी आहेत, शिकारी, बागेतल्या बायका, जनावरं, सगळं जग आहे. त्या हिल्पर्टने तर माकडांची अख्खी मालिका ओतली होती. हे तुझ्या घरच्या दोघींना माहीत नसेल तर त्यांना वाटणारच की बाबा बंदुका जमवतोय.

आता बायको. तू पत्रात डायनिंग टेबलाबद्दल दीड पान लिहिलंयस (मी ते कापलं) आणि तिच्या त्या एका वाक्याबद्दल अर्धी ओळ. मला उलटं दिसतं. "तुझं जमलंय इथे" हे टेबलाबद्दल नाहीच रे. ती सांगतेय की माझं नाही जमलेलं. तुझं ऑफिस, तुझी संध्याकाळ, तुझी ती म्हातारी मंडळी, आणि तिला काय, शाळेचा डबा, दवाखान्याच्या अपॉइंटमेंटला पुन्हा तुझ्याच तोंडाकडे बघायचं, कारण भाषा तुला येते. पाच वर्षांत तिचं काय झालं, भारतात काय करत होती, तिकडे काय करते, हे तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात एका ओळीनेही नाही. रागावू नकोस पण मला तेच सगळ्यात जास्त टोचलं.

तिला विचार. "तुला काय हवंय" असं नको, त्याला उत्तर येत नाही, माणूस काही नाही म्हणतो. विचार की आठवड्यातली कुठली संध्याकाळ फक्त तुझी ठेवायची, त्या संध्याकाळी स्वयंपाक आणि पोरगी माझ्याकडे. मग ती फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे तिथल्या मोठ्या माणसांच्या शिकवणीवर्गात, भाषेला जाईल, पोहायला जाईल, नाहीतर एकटी जाऊन कॉफी पिईल, तिचं तिला ठरवू दे. तिच्या त्या संध्याकाळचे पैसे तुझ्या शिपायांच्या साठ-सत्तर युरोंएवढेच बाजूला काढा, तितकेच, कमी नाही. मला माझं जमलं ते असंच एका किरकोळ गोष्टीतून. फ्युर्थ, न्यूर्नबर्ग आणि तुमचं एर्लांगन यांच्या मधे तो भाजीचा पट्टा आहे ना, क्नोब्लाउख्सलांड, लसणाचा मुलूख म्हणतात त्याला. तिथला एक शेतकरी आमच्या चौकात भाजी घेऊन यायचा आणि मुळ्याची जुडी देताना सवयीने पाला पिरगाळून टोपलीत टाकायचा. एकदा मी धीर करून मोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, पाला नका काढू, मी तोच खाते. त्याने दोनदा विचारलं. पुढच्या आठवड्यात त्याने माझ्यासाठी पाल्यासकट दोन जुड्या वेगळ्या ठेवल्या होत्या आणि विचारलं की करता काय याचं. लसणाची फोडणी, मूगडाळ, सगळं हातवारे करून सांगितलं. मी त्या दिवशी घरी येऊन खोक्यातला कुकर बाहेर काढला. बॅगाही माळ्यावर गेल्या.

टेबलाचं म्हणशील तर तिथे मात्र ती शंभर टक्के बरोबर आहे आणि त्यात आवडी-निवडीचा प्रश्नच नाही. जुन्या शिपायांमध्ये शिसं असतं, जवळपास सगळ्यांत कमी-जास्त. ज्या टेबलावर सात वर्षांची मुलगी जेवते तिथे ते घासायचे, तासायचे, रंगवायचे नाहीत, विषय संपला. खिडकीशी एक छोटं टेबल घे, त्यावर पुसता येईल असा ट्रे. ओतताना कडेला राहिलेली जादा धार काढायची, घासायची तर ओलं करून घास म्हणजे भुकटी उडत नाही, ओल्या फडक्याने पूस, हात साबणाने धू, ब्रशला टोक आणायला तोंडात धरायची सवय लागली असेल तर आजच सोड. मुलीला रंगवायचं असेल, आणि ती मागणारच, तर तिच्यासाठी बिनशिशाचे नवे घे, विकणाऱ्याला स्पष्ट विचारून. आणखी एक, जुने शिपाई ओकच्या कपाटात ठेवू नकोस. ओकच्या लाकडातून आम्लाची वाफ सुटते, बंद कपाटात ती साचली की शिशावर पांढरी भुकटी धरते आणि शिपाई आतून खचतो, मग तो वाचत नाही. काच आणि धातूचं कपाट बरं.

हिटलरच्या काळातल्या शिपायांचं. तुला देऊ केलेत ते बहुतेक कथलाचे नसणार, लाकडाचा भुसा, सरस आणि चिनी माती तारेवर थापून केलेले असणार, एलास्टोलिन, लिनेओल अशा नावांचे, त्या काळात जर्मन घरांमधून हे खूप होते. कायदा असा की नाझींची चिन्हं जर्मनीत सार्वजनिकरीत्या दाखवणं, पसरवणं हा गुन्हा आहे, म्हणून बाजारात त्या चिन्हांवर स्टिकर लावलेले दिसतात. अभ्यास म्हणून, म्युझियम म्हणून लोक ठेवतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण तू विचारलंस म्हणून सांगते, घेऊ नकोस. तुझ्या मुलीच्या मैत्रिणी घरी येतात, त्यांचे आईवडील न्यायला दारात येतात, आणि कुणाच्या घरात त्या काळाचं काय घडलंय हे तुला माहीत नाही. नाझींच्या मेळाव्यांचं ते न्यूर्नबर्गचं मैदान तुझ्या घरापासून ट्रेनने जाण्याएवढ्याच अंतरावर आहे. स्वस्तात मिळतंय हे त्या वस्तूच्या बाबतीत कारणच होऊ शकत नाही. त्या माणसाला नाही म्हण आणि त्या पैशात कुल्मबाखची तिकिटं काढ.

आता आईवडील, कारण माझ्या मते तुझं खरं दुखणं तिथेच आहे.

आपण परदेशातली माणसं घरी फोन केला की काय सांगतो? थंडी. काम. डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळत नाही. भाजी महाग. चांगलं झालेलं सांगायला जीभ अडखळते, वाटतं की तिकडे आई गुडघे धरून जिना चढतेय आणि मी काय सांगू की आज नदीकाठी चेरीचं झाड फुललं होतं. मीही तेच केलं. अकरा वर्षांतली पहिली आठ मी आईला फक्त रड ऐकवली, मला प्रामाणिकपणे वाटायचं की हेच तिच्यावरचं प्रेम आहे, मी तिकडे सुखात आहे असं तिला वाटायला नको. मग ती तीन महिने राहायला आली. दुसऱ्याच आठवड्यात माझ्याबरोबर चौकात आली, त्या मुळेवाल्याने तिला "ओमा", म्हणजे आजी, म्हणून एक कोबी असाच दिला, शेजारच्या आजी जिन्यात थांबून तिच्याशी पंधरा मिनिटं बोलल्या, कुणाला कुणाचं काही कळलं नाही तरी. घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवत आई म्हणाली, "अगं, तू बरी आहेस की इथे. मग मला इतकी वर्षं का रडवत होतीस?" आठ वर्षं ती रात्रीची जागत होती रे. मी तिचं दुःख वाचवतेय असं समजत होते आणि खरं तर तिची झोप घेत होते.

तुझी आई "मजा आहे बाबा तुमची" म्हणते त्याला तू टोमणा समजतोस. असेलही थोडा. पण ती कदाचित विचारत असेल, की आहे ना रे मजा? तर सांग तिला. आज सकाळी बेकरीत गेलो, ती बाई मला बघूनच नेहमीची पाव-पिशवी भरायला लागली, घरी येईपर्यंत गरम होते. एवढंच. बेर्गला, तुमच्या एर्लांगनच्या जत्रेला, जाशील तेव्हा तिथून व्हिडिओ कॉल लाव, त्या मोठ्या झाडांखाली बसलेली अख्खी गर्दी दाखव, सांग की १७५५ पासून ही जत्रा भरते, आपल्या गावच्या जत्रेसारखीच पाळण्यांची आणि खाण्याची. तिला जत्रा कळते.

आणि तिच्या म्हातारपणाची काळजी हा वेगळा प्रश्न आहे, तो शिपायांच्या डबीत कोंबू नकोस. तिला गुडघ्याचं ऑपरेशन लागणार असेल, वर्षातून एकदा जाणं पुरत नसेल, पुढेमागे परत जायचं की नाही, हे बायकोबरोबर कागद-पेन घेऊन बसून बोलायचं, रजा, पैसे, साताऱ्यात कोण लक्ष देईल, सगळं. तू रंगवणं बंद केलंस म्हणून आईचा गुडघा बरा होणार नाही.

वडिलांचं मला सगळ्यात सोपं वाटतं, तुला सगळ्यात अवघड वाटतंय. सुभेदार माणूस, आयुष्य पलटणीत गेलेलं. त्यांना "बाबा बघा माझं कलेक्शन" म्हटलं तर ते हसणारच, ज्याने पाय सोलवटेपर्यंत खरे रूट मार्च केले त्याला ३० मिलिमीटरचा शिपाई काय दाखवायचा. दाखवू नकोस, विचार. तुला माहितीये की न रंगवलेला शिपाई समोर घेतला की पहिली अडचण रंगाची नसते, माहितीची असते. पट्टा कुठल्या खांद्यावरून, पाण्याची बाटली कुठल्या बाजूला, बिल्ला किती उंच, बुटाची नाडी कशी बांधलेली. लंडनच्या ब्रिटन कंपनीने १८९३ पासून पोकळ शिशाचे शिपाई काढले, त्यात हिंदुस्थानी पलटणीही होत्या, बॉम्बे लान्सर्स आणि बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीसुद्धा, आणि बॉम्बे आर्मीत कोकणातली, देशावरची पुष्कळ माणसं भरती व्हायची. म्हणजे आपली माणसं परक्या कारखान्यात कुणीतरी अंदाजाने रंगवली. तू बाबांना विचारून रंगव. एक साधा उभा शिपाई घे, फोन लाव आणि म्हण, बाबा, तुमच्या पलटणीचा परेडचा ड्रेस करायचाय, मला नीट सांगा, चूक नको. बघ ते किती वेळ बोलतात. आणि ते चुका काढतील, काढू दे, पुसून परत रंगव, परत फोटो पाठव.

राहिला तुझा मावळा. सहीत मावळा लिहिलंस आणि पत्रात एका ठिकाणी की लहानपणी दिवाळीत अजिंक्यतारा करायचास, पोती टाकून, चिखल थापून, कुंभाराकडचे मातीचे मावळे मांडून. मला वाटतं तुझं वेड त्या आजींच्या टेबलावर सुरू झालंच नाही, तिथे फक्त परत सापडलं. तर या दिवाळीला एर्लांगनच्या खिडकीत किल्ला होऊ दे. मोठी खिडकीची पट्टी असतेच तिकडे. मोठा ट्रे, खाली खोकी, वर माती. मावळे मातीचे हवेत तर आईला सांग, पार्सलने पाठवेल, कापसात गुंडाळून. तट तुमच्या तिघांचा, गड कुठला ते मुलीला ठरवू दे, पायथ्याशी बाजार बायकोला हवा तसा, त्यात कथलाची शेळी-मेंढी, भाजीवाली, काही चालेल. फक्त ते जुने शिशाचे शिपाई त्या मातीत नकोत.

आणि उतारावर पेरायला हळीव शोधत एशियन दुकानात फिरू नकोस. हळीव म्हणजे जर्मनांची क्रेस्से, तीच वनस्पती, कुठल्याही बियांच्या स्टँडवर पाकीट मिळतं, तुझ्या मुलीने बालवाडीत कापसावर उगवलीही असेल. वसुबारसेच्या आधी सात-आठ दिवस पेर, दाट पेर, खाली हीटर असतो त्यामुळे माती लवकर सुकते, सकाळ-संध्याकाळ फवाऱ्याने पाणी मार, धार नको, नाहीतर बिया घसरून सगळ्या खंदकात जमा होतात. दोन दिवसांत मोड दिसतील.